झाडाला माझं नाव पडलं, त्याची गोष्ट

मित्रांनो, माझ्याकडे पाहून तुम्हाला वाटेल की कुणीतरी सुकलेला भोपळा काचेच्या कपाटात ठेवला आणि विसरून गेलं. तुमचं काही चुकलं नाही. मुठीत जेमतेम मावणारी, चपटी, काळपट, अंगभर खाचा आणि कमरेला पितळी पट्टी, असं माझं रूप आहे. मी लिहिणाऱ्यांच्या टेबलावरची वाळूची डबी आहे, आणि जुनी म्हणजे इतकी जुनी की माझं काम काय होतं हेही आता समजावून सांगावं लागतं.

या संग्रहालयाच्या समोरच्या खिडकीतून बागेतलं एक मोठं झाड दिसतं. बुंध्याजवळ पाटी आहे: 'सँडबॉक्स ट्री'. परवा शाळेची सहल आली होती. एका मुलीने पाटी वाचून विचारलं, "बाई, या झाडाखाली पूर्वी वाळूत खेळायचे का हो?" बाईंनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाल्या, "हो, तसंच काहीतरी असणार. चला, रांग मोडू नका." पंचवीस मुलं ते ऐकून पुढे गेली. खरं उत्तर चार हातांवर कपाटात बसलं होतं. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. म्हटलं, निदान एकदा सांगून तरी टाकावं.

हे झाड मुळात या बागेतलं नाही. दूरच्या उष्ण, ओल्या रानांत ते आपलं आपण वाढतं, आणि तिथल्या लोकांनी त्याला आपापली नावं दिलेली होती. झाडही काही साधंसुधं नाही. खोडावर खालपासून वरपर्यंत काटे. माकडसुद्धा चढताना दहादा विचार करील. चीक असा जहाल की डोळ्यात गेला तर डोळा कामातून गेला म्हणून समजा. आणि फळ पिकून वाळलं की बंदुकीसारखा बार काढून फुटतं, बिया पार लांब फेकतं. इतकं सगळं असताना झाडाला इंग्रजीत नाव कशावरून पडावं? काट्यांवरून? त्या बारावरून? छे! बाहेरून आलेल्या लोकांना लिहायची फार हौस. तेव्हा टिपकागद नव्हता. शाई वाळायला वेळ लागे, घाईने पान उलटलं की सगळं फासलं जाई. म्हणून ओल्या अक्षरांवर बारीक वाळू भुरभुरायची आणि जास्तीची शाई तिला पिऊ द्यायची, अशी रीत होती. ती वाळू ठेवायला या झाडाचं कच्चं फळ पोखरून बरं पडतं, हे त्यांच्या लक्षात आलं. झालं! झाडाचं नाव 'वाळूच्या डबीचं झाड'. पुढे टिपकागद आला, डब्या अडगळीत गेल्या, आणि नाव तेवढं झाडाला चिकटून राहिलं. त्याला आणखीही नावं आहेत म्हणतात, पण पाटीवर हेच आहे.

मला तोडलं ते कच्ची असताना. तोडणारा कातारी होता; लाकडाच्या लहान लहान वस्तू तो करायचा. या कामात सगळा खेळ वेळेचा. फळ फार कोवळं असलं तर आकसतं, आणि आठ दिवस उशीर झाला तर हातात फुटतं. माझ्याच टोपलीतल्या एका फळाच्या बाबतीत त्याचा अंदाज चुकला. भर दुपारी असा बार झाला की त्याच्या बायकोच्या हातातलं पातेलं उडालं. "अहो, डब्या करताय की मला मारायला टपलाय?" ती ओरडली. "ही शेवटचीच टोपली," तो म्हणाला. असं तो दर टोपलीला म्हणत असे.

मी फुटले नाही. त्याने माझ्या देठाच्या जागी भोक पाडलं, वाकड्या तारेने एकेक बी ओढून काढली, मला उकळलं, सावलीत वाळवलं आणि पुन्हा फुटायची बुद्धी होऊ नये म्हणून पितळी पट्टी आवळली. वर बशीसारखं खोलगट, बारीक भोकांचं झाकण बसवलं. बिया गेल्या त्या दिवसापासून मला आतून फारसं काही जाणवत नाही. हे रडगाणं नव्हे. रिकामं केल्याशिवाय डबी होत नाही, एवढंच.

मग बोटीने, गाडीने, हातगाडीने करत मी एका कचेरीत आले. न्यायालयाच्या मागच्या बाजूला एक लांबट खोली होती. तिथे सहा नक्कलनवीस बसत. नक्कलनवीस म्हणजे निकालपत्रांच्या हुबेहूब प्रती हाताने लिहून काढणारा माणूस. प्रत्येकाला एक टेबल, एक दौत, चार लेखण्या आणि माझ्यासारखी एक डबी. प्रत लिहून नक्कलनवीस खाली आपली सही करी; मग मोठे कारकून खिडकीशी बसून ती मूळ कागदाशी ओळ न् ओळ ताडून पाहत आणि खाली 'बरोबर आहे' म्हणून सही करत. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर एखाद्याचं घर शेजाऱ्याच्या नावावर जाईल, अशी ती जबाबदारी.

मी ज्याच्या टेबलावर गेले तो त्या सहांमधला सर्वांत जुना. अंगाने काटकुळा, बोलायला कमी, अक्षर मात्र असं की वकील लोक मुद्दाम त्याच्या हातची प्रत मागत. पान संपलं की तो मला उचलायचा, दोनदा टिचकी मारायचा, वाळू भुरभुरायचा, कागदाची पन्हाळी करून उरलेली वाळू माझ्या डोक्यावरच्या बशीत परत ओतायचा. एक कण खाली सांडत नसे. "माझ्या डबीला महिन्याची वाळू दीड महिना पुरते," असं तो म्हणायचा, आणि ही एवढीच बढाई मी त्याच्या तोंडून ऐकली. एकवीस वर्षं आम्ही असं काम केलं. चांगली वर्षं होती म्हणायला हरकत नाही.

बाविसाव्या वर्षी त्याचा उजवा हात थरथरू लागला.

पहिल्यांदा वाळू सांडली तेव्हा तो हसला. मग रोज सांडू लागली. मग अक्षरांच्या वेलांट्या हलू लागल्या. त्याने डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरून पाहिलं, लेखणीला दोरा गुंडाळून पाहिला. काही उपयोग होईना. कचेरीच्या मागे दोन खोल्या होत्या, त्या नोकरीबरोबर मिळालेल्या. हात गेला म्हणजे नोकरी गेली, आणि नोकरी गेली म्हणजे डोक्यावरचं छप्पर गेलं. घरात तो आणि त्याची मुलगी, दोघंच. मुलगी तेव्हा बाविशीची होती.

त्या संध्याकाळी त्याने दोन निकालपत्रं जेवणाच्या डब्यात घातली, मला कोटाच्या खिशात टाकलं आणि घरी नेलं. मूळ कागद कचेरीच्या दाराबाहेर न्यायचे नाहीत, हा तिथला पहिला नियम. बावीस वर्षांत त्याने तो मोडला नव्हता.

"बाळ, एक ओळ लिहून दाखव," तो म्हणाला.

तिने लिहिली. आता हे ध्यानात घ्या मित्रांनो, की त्या मुलीला लिहायला त्यानेच शिकवलं होतं. लहानपणी ताटात वाळू पसरून, तिचं बोट धरून. दुसऱ्या कुणाचं अक्षर तिने पाहिलेलंच नव्हतं. त्यामुळे कागदावर जे उतरलं ते त्याचंच अक्षर होतं. तोच वळसा, तीच वेलांटी, फक्त थरथर नव्हती. त्याने कागद दिव्यापाशी नेऊन ओळ पाहिली. मग म्हणाला, "खाली माझी सही पण कर."

तेव्हापासून तसंच सुरू झालं. दिवसभर तो कचेरीत लेखणी हातात धरून, पुढ्यात कागदांची चळत रचून बसायचा. संध्याकाळी डब्यात कागद आणि खिशात मी. पहाटे उजाडलं की ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी पाट मांडून लिहायला बसायची आणि तो निघायच्या आत चार पानं वाळवून त्याच्या हाती द्यायची. शेजारच्या टेबलांवर कुणाला संशय आला नसेल असं नाही. पण सगळ्यांना त्याच्याबद्दल माया होती, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून कुणी काही बोललं नाही. मोठे कारकून तर खूश. "या वयात अक्षर सुधारलंय तुमचं," ते एकदा सर्वांसमोर म्हणाले. घरी येऊन त्याने हे मुलीला सांगितलं. ती चुलीपाशी होती. वळून म्हणाली, "माझं म्हणा की."

"हळू बोल," तो म्हणाला.

"बाबा, मला हे येतं. दुसरं काहीच मला इतकं चांगलं येत नाही." एवढं बोलून ती परत चुलीकडे वळली.

असं अडीच वर्षं चाललं. ती रोज उठून लिहायची आणि मी रोज उपडी व्हायचे. मला वाटलं होतं की हे असंच चालेल. खरं सांगायचं तर मला काही वाटलंच नव्हतं.

गोष्ट फसली ती वाळूमुळे. कोठीवाला महिन्याच्या पहिल्या तारखेला प्रत्येकाच्या डबीत मोजून वाळू भरायचा. कचेरीची वाळू काळी, मंद, बिनचमकीची. पण माझा मालक दिवसभर लिहिण्याचं सोंग करताना मला उचलायचा, टिचकी मारायचा, आणि थरथरत्या हाताने अर्धी वाळू मांडीवर सांडायचा. सोंग पुरं व्हावं म्हणून वाळू टाकायची आणि टाकायची म्हणून सांडायची! थरथर वाढत गेली, तसं एका महिन्यात वीस तारखेलाच मी ठणठणीत रिकामी. पुन्हा मागायला गेला तर कोठीवाला म्हणाला, "काय हो, वाळू खाता की काय? तुमची डबी तर दीड महिना पुरायची ना!" खोलीत हशा पिकला. तो वाळू न घेताच गुपचूप परत आला. पुन्हा मागायची त्याला भीती वाटली.

तेव्हा मुलीने मार्ग काढला. भांडी घासायला घरात वाळू होती. ती तिने तीनदा फडक्यातून गाळली, मऊ केली आणि मला भरलं. शाई त्या वाळूने छान टिपली. एकच होतं. त्या वाळूत अभ्रक होतं, आणि पहाटेच्या अंधुक उजेडात अभ्रक दिसत नाही.

कचेरीत खिडकीशी मात्र दहाचं ऊन होतं. मोठ्या कारकुनांनी पान उचललं, तिरकं केलं, चष्मा कपाळावर चढवला, परत खाली घेतला. "अहो नक्कलनवीस," ते म्हणाले, "हे निकालपत्र आहे की लग्नाची पत्रिका? काय चमचमतंय हे!" सगळे हसले. मालकही हसला. मोठे कारकून हसता हसता थांबले. त्यांनी बोटाने एका ओळीवरचे कण खरवडून नखावर घेतले. मग दुसरं पान, मग कालचं पान. मग ते उठले आणि मला हातात घेऊन माझं झाकण उघडून पाहिलं.

"ही वाळू आपली नाही," ते म्हणाले. "कुठे लिहिता हे तुम्ही?"

मालक उठून उभा राहिला.

"बसा. हा कागद घ्या. माझ्यासमोर एक ओळ लिहा. एकच."

खोलीतल्या पाचही लेखण्या थांबल्या. मालकाने खुर्ची पुढे ओढली. लेखणी दौतीत बुडवली, तेव्हा दौतीच्या काठावर ती टकटक टकटक वाजली. कागदावर आणेपर्यंत शाई त्याच्या बाहीवर गळून गेली होती. कोरडी लेखणी त्याने कागदावर डावीकडून उजवीकडे नेली. एक ओळभर नेली. टोक कधी टेकलं, कधी नाही. मग लेखणी खाली ठेवून त्याने मला उचललं, दोनदा टिचकी मारली, आणि त्या कोऱ्या कागदावर वाळू भुरभुरली. अगदी नीट, सगळ्या ओळीवर. मग कागदाची पन्हाळी करून ती माझ्या डोक्यावर परत ओतली.

एकही कण कागदाला चिकटला नव्हता. मित्रांनो, मला काही जाणवत नाही असं मी म्हणत आले आहे. तेव्हा जाणवलं. लाज वाटली, आणि त्याची नव्हे, त्याला उघडं पाडणाऱ्या त्या खोलीतल्या उजेडाची लाज वाटली.

मोठे कारकून काही दुष्ट नव्हते. पण त्यांचाही पाय अडकलेला होता. अडीच वर्षांच्या शेकडो प्रतींवर 'बरोबर आहे' म्हणून सही त्यांची होती. प्रकरण वर गेलं असतं तर त्या सगळ्या प्रती खोट्या ठरल्या असत्या आणि त्यांची स्वतःची खुर्ची हलली असती. म्हणून त्यांनी आवाज न चढवता सांगितलं, "तब्येत बरी नाही म्हणून नोकरी सोडतो, असं लिहून... असं मी लिहितो, तुम्ही अंगठा द्या. आठ दिवसांत खोल्या रिकाम्या करा. बाकीचं मी पाहिलेलं नाही." मालकाने मान हलवली. बावीस वर्षं माझ्यासमोर अक्षर लिहिलेल्या माणसाने अंगठा दिला. जाताना त्याने सवयीने मला खिशात टाकलं. "ती कचेरीची आहे," मोठे कारकून हळूच म्हणाले. त्याने मला परत टेबलावर ठेवलं आणि तो गेला.

दुसऱ्या दिवशी त्याची मुलगी आली. घरी राहिलेली चार मूळ पानं तिने फडक्यात गुंडाळून आणली होती. त्या खोलीत बाईमाणूस आलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. पाचही जण खाली माना घालून लिहू लागले.

"साहेब," ती म्हणाली, "अडीच वर्षं अक्षर पसंत होतं ना तुम्हाला?"

"होतं," मोठे कारकून म्हणाले.

"मग बाबांच्या जागी मला बसवा. लिहिते तर मीच."

"अगं पोरी, तसं कुठे असतं? या खोलीत बायका लिहीत नाहीत."

"मी लिहिलंय. तुम्ही सही केलीय."

मोठ्या कारकुनांनी दाराकडे पाहिलं. "हळू बोल."

"कालपर्यंत हळूच बोलत होते," ती म्हणाली. "एक तर त्या नकला रद्द करा, नाहीतर त्या माझ्या म्हणा. दोन्हीतलं एक करा."

"दोन्हीतलं एकही जमणार नाही," ते म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "रद्द केल्या तर तुझे बाबा तुरुंगात जातील, आणि मी त्यांच्या मागोमाग. तुझ्या म्हणाव्या तर कुणाला सांगू? तुला कळत नाही असं नाही."

तिला कळत होतं. मग तिने पानं टेबलावर ठेवली. कागद परत आले की पोच लिहून घ्यायची, हाही तिथला नियम. मोठ्या कारकुनांनी तिच्यापुढे कागद आणि लेखणी सरकवली. "लिही, 'वरील चार पानं परत दिली.'"

तिने उभ्याउभ्याच लिहिलं. एका दमात, त्या वकिलांच्या आवडत्या अक्षरात. शेजारच्या टेबलावरचा नक्कलनवीस मान वर करून पाहू लागला आणि पाहतच राहिला.

"आता खाली तुझं नाव."

लेखणी थांबली. आधी मला वाटलं, शाई संपली. पण शाई होती. लहानपणी तिने स्वतःचं नाव ताटातल्या वाळूत बोटाने लिहिलं होतं आणि हाताने पुसलं होतं. त्यानंतर अडीच वर्षं ती शाईने लिहीत होती ते बापाचं नाव. आपलं स्वतःचं नाव शाईने लिहायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. ती खाली वाकली आणि एकेक अक्षर लावत लिहू लागली. पहिलं मोठं झालं, दुसरं तिरकं, शेवटचं ओळीखाली घसरलं. पहिलीतलं पोर लिहील तसं. वर तिचीच ती देखणी ओळ, आणि खाली हे.

"असू दे," मोठे कारकून म्हणाले. त्यांनी स्वतः मला उचलून त्या नावावर उपडं केलं. चिकटायचे तेवढे कण चिकटले. ती गेली. त्या दोघांचं पुढे काय झालं, ते मला कळलं नाही.

ती पोच 'परत आलेले कागद' या गठ्ठ्यात गेली. ते गठ्ठे दर दहा वर्षांनी जाळायचे असतात. माझ्या डोळ्यांसमोर तो उचलून नेला. नकला मात्र कायम ठेवायच्या असतात, त्या अजून आहेत. इथेच, माझ्या शेजारच्या कपाटात, नमुना म्हणून एक पान मांडलं आहे. त्याखालच्या चिठ्ठीवर तिच्या बापाचा हुद्दा आणि 'यांच्या सुंदर हस्ताक्षरात' असं लिहिलं आहे. लोक थांबून वाचतात. "पूर्वीच्या माणसांचं अक्षर बघा!" असं म्हणतात आणि पुढे जातात.

टिपकागद आल्यावर मी अठ्ठावीस वर्षं एका फळीवर होते. कुणी माझ्यात टाचण्या ठेवल्या, कुणी विड्या विझवल्या. मग कुणाला तरी झाडाच्या नावावरून माझी आठवण झाली आणि मला पुसून इथे आणलं. म्हणजे बघा, मी एवढीशी वस्तू, पण माझं नाव एका अख्ख्या झाडाला आहे. जगात जिथे जिथे ते झाड लावतील तिथे माझं नाव पाटीवर लागेल. मला ते नको होतं, झाडालाही नको असेल. ज्यांच्या हातात लेखणी होती त्यांनी ठेवलं.

तुम्ही म्हणाल, डबीबाई, एवढं सगळं आठवतं, मग त्या मुलीचं नाव सांगा की. घरी तिला 'बाळ' म्हणत, कचेरीत 'पोरी'. आणि ज्या एका वेळी ते नाव कागदावर उतरलं, तेव्हा लांबून मला अक्षरांची ठेवण तेवढी दिसली; जवळ गेले ती त्याच्यावर उपडी होऊनच. उपड्या डबीला वाचता येत नाही. अडीच वर्षं मी तिच्या हातात होते आणि तिचं नाव मला ठाऊक नाही.

म्हणून एवढंच मागते. वस्तू जपा, हे तर तुम्हाला सगळेच सांगतात. मला पुसलं नाही तरी चालेल. पण तुमचा सदरा कुणी शिवला, तुमच्या शाळेचा फळा रोज कोण पुसतं, तुमच्या वडिलांच्या नावाखाली घरातलं कोण राबतं, ते माणूस समोर आहे तोवर त्याला नाव विचारून घ्या. मला विचारता येत नव्हतं, मित्रांनो. तुम्हाला येतं.